जितक्या सिस्टर, तितक्या खाटा

१४ सप्टेंबर

दादा,

तू माझा फोन उचलणार नाहीस हे मी आता धरूनच चालते. म्हणून पत्र, आणि तेही तुझ्या कारखान्याच्या पत्त्यावर. फाडून टाकायचं झालं तरी पत्र आधी हातात घ्यावं लागतं, एवढीच माझी आशा.

बाबा बरे आहेत. वर्तमानपत्र पहिल्या पानापासून शेवटच्या पानापर्यंत वाचतात आणि शेजारच्या वहिनींना वाचून दाखवतात. वहिनींनी ते सकाळीच वाचलेलं असतं, पण त्या ऐकून घेतात. जिना चढताना बाबा मधल्या वळणावर थांबतात आणि खिडकीतून काहीतरी बघत असल्यासारखं दाखवतात. त्या खिडकीतून समोरची भिंत दिसते. वय झालं, दुसरं काही नाही.

आई गेल्यावर तू त्यांना तुझ्याकडे न्यायला आला होतास आणि ते आले नाहीत, त्यात माझा हात नव्हता हे मी तुला किती वेळा सांगितलं. आता पुन्हा सांगत नाही. तू जाताना जिन्यात म्हणालास, "ठेवून घेतेयस ना, मग सांभाळ." सांभाळते आहे.

पत्राचं कारण वेगळंच आहे. मी मेट्रन झाले. अभिनंदन करू नकोस. आमच्या आधीच्या मेट्रन तुला आठवत असतील, जाड चष्म्याच्या. आई अ‍ॅडमिट होती तेव्हा तुला बळेच चहा पाजला होता त्यांनी. त्या एका सकाळी आल्या, अधीक्षकांच्या टेबलावर किल्ल्यांचा जुडगा ठेवला, "मी घरी जाते" म्हणाल्या आणि गेल्या. भांडण नाही, भाषण नाही. साहेबांना वाटलं, काहीतरी विसरलं असेल, येतील परत. संध्याकाळी त्यांनी मला बोलावलं. मी सगळ्यात जुनी, बाकीच्या जुन्या केव्हाच दुसरीकडे गेल्या. म्हणजे मला निवडलं असं नाही, मी उरले होते.

दादा, वॉर्डाची दशा तुला काय सांगू. साठेक पेशंट आणि दोन सिस्टर. त्यातल्या एकीला आयसीयूत कमी पडलं की तिकडे ओढतात. मुली सकाळी येतात ते अर्धं पळतच. पाणी पीत नाहीत, कारण पाणी प्यायलं तर बाथरूमला जावं लागेल, आणि तेवढ्यात कुणाचं सलाईन संपेल. दर महिन्याला एखादी राजीनामा देते. जी देत नाही ती आतून निघून गेलेली असते, फक्त युनिफॉर्म ड्यूटीवर येतो.

तू कारखान्यात एवढी माणसं सांभाळतोस. माणसं सोडून जायला लागली की तू काय करतोस? मला हे खरंच विचारायचं आहे. बाकी काही लिहू नकोस, एवढं एकच लिही. मला यातलं काही येत नाही. मला शीर सापडते, जखम कळते, माणूस कधी घाबरला आहे ते कळतं. माणसं कशी टिकवायची ते मला कुणी शिकवलेलं नाही.

तुझी धाकटी


६ ऑक्टोबर

दादा,

उत्तर आलं नाही. ठीक आहे. मी माझ्या अकलेनं सुरुवात केली.

एकेकीला खोलीत बोलावून विचारायचं ठरवलं होतं. पहिली आली ती दारातच रडायला लागली. मेट्रनच्या खोलीत बोलावणं म्हणजे कानउघाडणी, हे त्यांच्या डोक्यात इतकं पक्कं. मग मी खोली सोडली आणि वॉर्डातच, औषधाच्या कपाटाशेजारी स्टूल टाकून बसायला लागले. काम करता करता त्या बोलायला लागल्या.

मला वाटलं होतं, पगाराचं म्हणतील. एकीनं सांगितलं, कपडे बदलायच्या खोलीला आतून कडी नाही, एकीला दार धरून उभं राहावं लागतं. दुसरी म्हणाली, पुढच्या आठवड्याची ड्यूटी आदल्या दिवशी कळते, मुलाला कुणाकडे ठेवायचं ते आयत्या वेळी ठरवावं लागतं. तिसरीला बसायला खुर्ची हवी होती, आणि बसलेलं दिसल्यावर कुणी ओरडू नये असंही. आमच्याकडे एक अगदी बारीक आवाजाची मुलगी आहे. ती डॉक्टरांना हाक मारते तेव्हा डॉक्टर सोडून सगळे वळून बघतात. तिला सगळे चिमणी म्हणतात. तिनं बराच वेळ विचार केला आणि म्हणाली, "आमच्यावर कुणी ओरडतं ना, तेव्हा आमच्या बाजूला कुणीतरी उभं असावं. काही बोललं नाही तरी चालेल."

कडी त्याच दिवशी बसली. मीच सुताराच्या मागे लागले. ड्यूटीचा तक्ता आता महिनाभर आधी भिंतीवर लागतो, आणि आपापसात बदल करायला त्यांना माझी परवानगी लागत नाही. साहेब म्हणाले, गोंधळ होईल. झाला नाही. खुर्च्या मी बाहेर पेशंटांसाठी मांडलेल्या रांगेतून आणल्या. त्यावर चौकशी चालू आहे.

आणि मग सर्जन. हात सोन्याचे आहेत त्यांचे, तोंड मात्र सांडपाण्याचं. राउंडला चिमणीनं एक फाइल आणायला उशीर केला तर सगळ्या पेशंटांसमोर म्हणाले, डोकं घरी काढून ठेवून येतेस का. दुसऱ्या दिवशी राउंडला एकही सिस्टर गेली नाही. मी गेले. फाइलींची चळत छातीशी धरून मी त्यांच्या मागे. त्यांनी विचारलं, सिस्टर कुठे आहेत.

मी म्हटलं, "येतील ना. काल ज्या पेशंटांसमोर बोललात, त्यांच्याचसमोर त्यांच्याशी एकदा नीट बोला, की येतील."

राउंड सोडून गेले. तक्रार केली. साहेबांनी मला बसवून समजावलं, एवढा मोठा माणूस, दुखावला तर दुसरीकडे जाईल. मी म्हटलं, सिस्टर रोजच जातायत, त्यांना कुणी बसवून समजावत नाही. पुढचे दोन-तीन दिवस मीच फाइली वाहिल्या. माझी पाठ धरली. मग एका सकाळी ते चिमणीसमोर थांबले आणि कडू औषध गिळावं तसं म्हणाले, "त्या दिवशी जरा जास्त बोललो." कोपऱ्यातल्या खाटेवरचे एक काका हाताला सुई असतानाही टाळ्या वाजवायला लागले. त्यांची शीर पुन्हा शोधावी लागली.

हसलास का? हसला असशील तर मला कळव. कुणाला तरी सांगावंसं वाटलं. बाबांना सांगितलं तर ते इतके हसले की नंतर बराच वेळ खोकत राहिले.

तुझी धाकटी


२१ नोव्हेंबर

दादा,

मागच्या पत्रात मी फारच खुशीत होते. आज तसं लिहवणार नाही.

तापाची साथ आली आहे. खाटा भरल्या, मग दोन खाटांच्या मधे गाद्या पडल्या, मग व्हरांड्यात. सिस्टर तेवढ्याच. त्यातही दोघी स्वतःच तापानं घरी. चिमणीची सकाळची ड्यूटी संपली तेव्हा तिला सोडवायला पुढची आलीच नाही. मी तिला थांबवलं. ती थांबली. ती नाही म्हणणारी मुलगी नाही, आणि हे मला माहीत होतं. तिच्या जोडीची सिस्टर मी आयसीयूत पाठवली, कारण तिकडे एक मुलगा जातो की राहतो अशा अवस्थेत होता. तो मुलगा राहिला.

दाराजवळच्या खाटेवर एक आजी होत्या. त्यांचा ऑक्सिजनचा मास्क सरकला. कधी सरकला कुणालाच माहीत नाही. चिमणी वॉर्डाच्या दुसऱ्या टोकाला होती, एका माणसाला झटके येत होते आणि ती त्याला एकटी धरून होती. ती परत आली तेव्हा आजी गेल्या होत्या. त्यांचा मुलगा औषध आणायला खाली गेला होता. तो पिशवी घेऊन परत आला. पुढचं लिहीत नाही.

दुसऱ्या दिवशी अधीक्षकांनी मला बोलावून सांगितलं, त्या सिस्टरला निलंबित करायचं आहे, तुमची सही लागेल. ते वाईट माणूस नाहीत, दादा. वरून विचारणा झाली होती, आणि वर कळवायला त्यांना एक नाव हवं होतं. मी म्हटलं, तिला मी थांबवलं. जोडीदारीण मी हलवली. साहेब म्हणाले, "मग तुमचं नाव लिहू?"

"लिहा," मी म्हटलं. "आणि हेही लिहा, की खाटा आहेत तितके पेशंट घेता येत नाहीत. सिस्टर आहेत तितकेच घेता येतात."

हे आधी ठरवून बोलले नव्हते. तोंडातून गेलं आणि मग मलाच ऐकू आलं. मी तिथेच बसून राहिले आणि त्यांना सांगितलं, उद्यापासून एका सिस्टरमागे ठरलेल्या संख्येपलीकडे मी वॉर्डात पेशंट घेणार नाही. आलेल्याला कॅज्युअल्टीत पहिले उपचार करू, जागा शोधून देऊ आणि आपल्याच गाडीनं दुसऱ्या हॉस्पिटलात पोचवू. गाद्या उचलणार. ते म्हणाले, लोक दगड मारतील. मी म्हटलं, आजही मारतायत, फक्त ते सिस्टरना लागतायत.

बाहेर आले तर व्हरांड्यात सगळ्या उभ्या. सुट्टीवरच्याही. कुणी बोलावलं होतं देव जाणे. साहेबांनी दारातून ते पाहिलं. मग मला परत आत बोलावून म्हणाले, निलंबनाचं राहू द्या, महिनाभर करून बघा. पण एक सांगतो, यात कुणाची ओळख चालणार नाही. माझी नाही, ट्रस्टींची नाही, तुमचीही नाही. ज्या दिवशी एक अपवाद केलात त्या दिवशी हा नियम संपला असं मी समजेन.

मी हो म्हटलं. बरोबरच बोलत होते ते.

आता रोज कुणालातरी नाही म्हणते. कॅज्युअल्टीच्या दारात उभी राहून. एका बाईनं मला शाप दिला, शब्दाला शब्द जोडून, सावकाश. बरेच जण पुलापलीकडच्या सरकारी हॉस्पिटलात नीट पोचतात. सगळे पोचतात असं म्हणत नाही. आणि इकडे वॉर्डात काय झालंय ते तुला बघायला हवं होतं: सिस्टर चालतात. पळत नाहीत, चालतात. पेशंटचं नाव घेऊन बोलतात. चिमणी ड्यूटीवर येते, पण बोलत नाही. हात धुते, सारखे धुते. मी तिच्या शेजारी उभी राहते. तिनंच सांगितलं होतं ना, बोललं नाही तरी चालेल.

मला झोप नाही. मी बरोबर करते आहे असं एकदा तरी कुणीतरी म्हणावं. चूक करते आहे असं म्हणालास तरी चालेल, निदान ते तुझ्या आवाजात असेल.

बाबांना थोडा कफ झाला आहे. औषध सुरू आहे.

तुझी धाकटी


१२ डिसेंबर, दुपार

दादा,

हे मी पुलापलीकडच्या सरकारी हॉस्पिटलच्या व्हरांड्यात भिंतीला टेकून लिहिते आहे. बाबा आत आहेत. तुला फोन केले, तुझ्या घरी वहिनीला निरोप पाठवले, तिनं ते उघडलेही नाहीत. म्हणून हे कुरियरनं पाठवते. कारखान्यात कुणी ना कुणी सही करून घेईलच. मिळेल त्या क्षणी नीघ.

परवा दुपारचं जेवण झाल्यावर त्यांना धाप लागली. शेजारच्या वहिनींनी गाडी करून त्यांना माझ्याकडेच आणलं, दुसरीकडे कुठे नेणार. कॅज्युअल्टीतून मला फोन आला तेव्हा मी वॉर्डातच होते. खाली गेले तर बाबा स्ट्रेचरवर बसलेले, दोन्ही हात गुडघ्यावर, खांदे वर-खाली. मला बघून हसायचा प्रयत्न केला. ऑक्सिजन लावला, इंजेक्शन दिलं, थोडे निवळले. छातीत पाणी, न्यूमोनिया. वॉर्ड लागणार. आयसीयू भरलेला. आणि वॉर्डातली आमच्या नियमाची शेवटची खाट सकाळीच गेली होती.

सगळे माझ्याकडे बघत होते. डॉक्टर, वॉर्डबॉय, वहिनी. अधीक्षकही खाली आले. माझ्या जवळ येऊन हळू आवाजात म्हणाले, "वडील आहेत तुमचे. टाकून घ्या एक जादा खाट. कोण काय म्हणणार आहे?"

दयेनं म्हणाले की डाव टाकला, मला अजून कळलेलं नाही. मला वाटतं, त्यांनाही माहीत नसेल.

वरून सिस्टर खाली आल्या. चिमणी म्हणाली, आज माझी सुट्टी सुरू होतेय, मी नाही घेत, मी बसते बाबांजवळ. इतक्या दिवसांत पहिल्यांदा ती सलग एवढं बोलली. आणि दादा, मी तिच्याकडे बघितलं आणि मला दाराजवळची ती खाट दिसली. हे असंच सुरू होतं. एक जण मायेनं थांबतो. मग तो थांबेल हे सगळे धरून चालतात. मलाही वाटलं, मीच बसते त्यांच्या उशाशी. पण मग उद्या ट्रस्टींच्या मेहुण्याजवळ बसायलाही कुणीतरी असेलच. नात्यातलं माणूस प्रत्येकाकडे असतं. ज्याच्याकडे नसतं त्याच्यासाठी तो नियम होता.

मी म्हटलं, पलीकडे पाठवा.

त्यांच्याबरोबर गाडीत मी गेले नाही. शेजारच्या वहिनी गेल्या. वॉर्डाचा चार्ज दुसरीला देईपर्यंत मला निघता येत नव्हतं. देता आला असता कदाचित, लवकर. मला आता आठवत नाही मी काय करत होते. बहुतेक मी उभी होते.

इथे त्यांना दोन खाटांच्या मधे गादीवर ठेवलं आहे. एक सिस्टर आहे सगळ्या वॉर्डाला. बाबांचं सलाईन संपत आलं तेव्हा मी हाक मारली, "सिस्टर." ती आली नाही. पुन्हा मारली. ती पलीकडे कुणाचं तरी रक्त काढत होती, मला दिसत होतं. तरी माझ्या डोक्यात सणक गेली. असं वाटलं, जावं आणि तिचा दंड धरून तिला ओढून आणावं. मी, दादा. एवढी वर्षं मला वाटायचं, सिस्टरच्या अंगावर हात टाकणारी माणसं वेगळी असतात. मी स्वतःच सलाईन बंद केलं. तिनं येऊन मला बाहेर काढलं, नातेवाइकांनी हात लावायचा नाही म्हणाली. बरोबर होती ती. म्हणून मी व्हरांड्यात आहे.

नीघ. माझ्याशी बोलू नकोस, माझ्याकडे बघूही नकोस, पण ये. ते दाराकडे बघत असतात. मी आत गेले तरी बघतच राहतात, म्हणजे ते माझी वाट बघत नाहीत.


२९ जानेवारी

दादा,

तू आलास तेव्हा सगळं होऊन गेलं होतं. तू सगळ्यांशी बोललास. शेजारच्या वहिनींशी, त्यांच्या यजमानांशी, माझ्या सिस्टरांशीसुद्धा, ज्यांना तू ओळखत नव्हतास. माझ्याजवळ आलास तेव्हा तुझ्या हातात पाण्याचा ग्लास होता, तो माझ्यापुढे ठेवलास आणि गेलास. मी तो ग्लास दिवसभर हलवू दिला नाही.

मग काल तुझा निरोप आला. एवढ्या वर्षांत पहिला. "वॉर्डात खरंच जागा नव्हती का?" एवढंच.

जागा होती, दादा. एक खाट सहज मावली असती, खिडकीपाशी. सिस्टर नव्हती.

हाच प्रश्न मला बाबांनीही विचारला होता. तुला कुरियर पाठवलं त्याच संध्याकाळी. मास्क बाजूला करून, एकेक शब्द सुटा. "तुझ्याकडे जागा नव्हती का गं?" त्यांच्यासमोर मला खोटं बोलता आलं असतं. यंत्र नव्हतं, डॉक्टर नव्हते, काहीही. पण ते मी बोलल्यावर माझ्या नाकाकडे बघतात, लहानपणापासून त्यांना माझं खोटं नाकावरून कळतं. मी म्हटलं, "खाट होती, बाबा. लक्ष ठेवायला सिस्टर नव्हती."

त्यांनी मान वळवली. ती मुलगी, तिथली सिस्टर, ट्रे घेऊन पळत होती. ती एका टोकापासून दुसऱ्या टोकाला जाईपर्यंत ते तिच्याकडे बघत राहिले. मग म्हणाले, "इथंही नाहीये."

रागानं नाही म्हणाले. समजून सांगितल्यासारखं म्हणाले. मी ते वाक्य घेऊन फिरते आहे. भांडी घासताना, जिना चढताना. त्याचा अर्थ मला दोन्ही बाजूंनी लागतो आणि दोन्ही बाजूंनी तो कापतो.

दुसऱ्या दिवशी सकाळी ते गेले. मी जवळ होते, हात हातात होता. तुला पडलेला पुढचा प्रश्नही मी तिथल्या डॉक्टरांना विचारला: आमच्याकडे राहिले असते तर? ते म्हणाले, सांगता येत नाही. हे तीन शब्द मी स्वतः कितीतरी नातेवाइकांना दिले आहेत. त्यात काय असतं मला माहीत आहे. त्यात "कदाचित वाचले असते" असतं आणि "कदाचित नसते" असतं, आणि डॉक्टर दोन्ही तुमच्या हातात देऊन पुढच्या पेशंटकडे जातात.

आता जे झालंय ते तुला सांगते, कारण मी दुसऱ्या कुणाला सांगू शकत नाही.

नियम टिकला. महिना संपला, साहेबांनी तो कायम केला. नव्या सिस्टर घेतल्या, सोडून गेलेल्यांपैकी काही परत आल्या. जुन्या मेट्रन एकदा येऊन वॉर्डातून फिरून गेल्या, खुर्चीवर बसल्या, चष्मा पुसला. पलीकडच्या हॉस्पिटलातली ती सिस्टर, जिनं मला बाहेर काढलं होतं, तिनं आमच्याकडे अर्ज केला आहे. आणि आता ज्याला आम्ही पलीकडे पाठवतो त्याच्याबरोबर गाडीत आमची एक सिस्टर जाते, पलीकडे खाट मिळेपर्यंत थांबते. ते मी बाबांच्या नंतर सुरू केलं. तेव्हा मला का सुचलं नाही, विचारू नकोस.

नियम कशामुळे टिकला माहीत आहे? एका ट्रस्टींचे पाहुणे आले होते, खाट हवी होती. साहेब काही बोलायच्या आत चिमणीच पुढे झाली. आपल्या त्या बारीक आवाजात म्हणाली, मेट्रनच्या वडिलांना नव्हती मिळाली. ट्रस्टी पाहुण्यांना घेऊन आल्या पावली परतले. तेव्हापासून ते वाक्य सगळेच वापरतात. वॉर्डबॉय वापरतात, कॅज्युअल्टीतले डॉक्टर वापरतात. नवी सिस्टर आली की तिला पहिल्या दिवशी औषधाचं कपाट दाखवतात आणि ही गोष्ट सांगतात. मी शेजारून जाते तेव्हा आवाज खाली आणतात, आदरानं. दादा, माझ्या बाबांचा आधार घेऊन नियम उभा आहे. एवढं चांगलं काम त्यांच्याकडून मी करून घेतलं. वर्तमानपत्र वाचून दाखवणारा माणूस तो.

परवा एक मुलगा आला. मुलगा म्हणजे तुझ्याएवढा, पण त्या घटकेला मुलगाच. आईला घेऊन. धाप लागलेली, हात गुडघ्यावर. वॉर्ड भरलेला. मी त्याला सगळं सांगितलं, नेहमीप्रमाणे: कुठे जागा आहे, कोण बरोबर येईल, किती वेळ लागेल. त्यानं ऐकून घेतलं. मग अगदी शांतपणे मला विचारलं, "तुमच्या घरचं माणूस असतं तर?"

माझ्या मागे चिमणी होती. तिनं तोंड उघडलेलं मला न बघताही कळलं. मी हात मागे नेऊन तिचं मनगट धरलं, घट्ट. बाबांना मी एकदा दाराबाहेर ठेवलं. आता लोकांना गप्प करायला त्यांना दारात उभं करणार नाही. ती थांबली.

तो माझ्याकडे बघत राहिला आणि मी त्याला बघू दिलं. मग म्हटलं, चला, मी येते तुमच्याबरोबर, आणि गाडीत त्याच्या आईच्या उशाशी बसले. वाटेत ती बाई माझा हात धरून होती. तिला वाटत होतं, मी तिच्यासाठी काहीतरी केलं. पलीकडे तिला खाट मिळाली, खरी खाट. काल चौकशी केली, बरी आहे. तो मुलगा मला फोनवर धन्यवाद म्हणाला. मी फोन ठेवला आणि माझ्या खोलीचं दार लावून घेतलं.

मी मेट्रन म्हणून केलं ते चुकलं असं मला वाटत नाही. पुन्हा तीच दुपार आली तर पुन्हा तेच करेन की काय, या भीतीनं मी दचकून उठते. मुलगी म्हणून जे केलं त्याला शब्द नाही. या दोन बायका एकाच घरात राहतात आणि एकमेकींशी बोलत नाहीत. हॉस्पिटलात सगळ्यांना पहिली हवी असते. तिला मान देतात, तिला खुर्ची देतात. दुसरीला कुणी विचारत नाही, ती कुणाला दिसतच नाही.

तुला ती दिसते. तुझ्या निरोपातल्या त्या एका ओळीत राग होता, आणि तो मेट्रनवरचा नव्हता. तो माझ्यावरचा होता. मी ती ओळ परत परत वाचते आहे. तिथे मला कुणीतरी धाकटी म्हणून धरून हलवतंय असं वाटतं.

दादा, माफ कर असं लिहायला बसले नव्हते, ते तुला जमेल तेव्हा जमेल. मला एक माणूस हवा आहे ज्याच्यासमोर मला मेट्रन असावं लागत नाही. आता तसा तू एकटाच उरला आहेस. ये. येऊन भांड.